बहात्तर किलोंचे काका

उभ्या संयुक्त अरब अमिरातीत कधीही न बदलणाऱ्या गोष्टी दोनच, असं आम्ही धरून चाललो होतो. एक, दिरहमचा डॉलरशी बांधलेला भाव आणि दुसरी, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं वजन. पहिली अजून टिकून आहे. दुसरीने मात्र असा दगा दिला की काका त्यातून थोडक्यात वाचले, आणि वाचले तेही डॉक्टरांच्या आधी बासमती तांदळाच्या एका पोत्यामुळे.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. शारजात रोल्ला चौकाजवळच्या एका जुन्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि काका-काकू चौथ्यावर. नवरा दुबईत नोकरीला होता, मी जवळच्या एका भारतीय शाळेत गणित शिकवत होते. हे गणिताचं लक्षात ठेवा, कारण पुढे त्यावरूनच माझी लाज जायची आहे. काका जेबेल अली बंदरात मालवाहतुकीच्या कंपनीत होते. दिवसभर कंटेनरची वजनं तपासून त्यांची नजर अशी काही तयार झाली होती की संध्याकाळी माणसांकडेही ते त्याच नजरेने बघत. दारात आलेल्याला आपण विचारतो, काय, बरं आहे ना? काका विचारत नसत, सांगत. "ब्याऐंशी. गेल्या महिन्यापेक्षा दीड जास्त. ऑफिसात तो दाट, गोड करक चहा चालू दिसतोय." समोरचा घरी जाऊन वजन करी आणि ते पावशेराच्या फरकाने बरोबर निघे. बायकांचा आकडा मात्र ते मोठ्याने उच्चारत नसत. नुसतं "हं" म्हणत. पण जितकं वजन जास्त तितका तो हुंकार लांबे, आणि माझ्या वाट्याला येणारा हुंकार इमारतीत सर्वांत लांब होता. माझं वजन तेव्हा किती होतं ते मी सांगणार नाही. तेव्हा नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

आमच्या लिफ्टमध्ये साडेचारशे किलोंची पाटी होती. इतर लोक त्या पाटीकडे भिंतीवरच्या डागाइतकंच लक्ष देत. काका आत आले की डोळे मिटून बेरीज करत. एकदा आम्ही पाच जण आत होतो, त्यात पाचव्या मजल्यावरचा भरभक्कम इजिप्शियन शेजारी होता. काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "तीन किलो एक्सेस." इजिप्शियन घाबरून म्हणाला, "हबीबी, व्हाय लुकिंग ॲट मी?" काकांनी त्याला हाताने शांत केलं आणि मला म्हणाले, "तू उतरू नकोस. ती बटाट्यांची पिशवी तेवढी बाहेर ठेव." आम्ही वर गेलो, बटाटे खाली राहिले. रागारागाने मी दार लावून घेतलं, तर पाच मिनिटांत बेल वाजली. काका जिन्याने खाली जाऊन पिशवी घेऊन आले होते आणि त्यांना धाप लागलेली नव्हती. "बघ," म्हणाले, "बहात्तर किलोंचा माणूस." मला त्यांच्यावर धड चिडताही येत नसे.

तिथला प्रत्येक मराठी माणूस दुकानात मोठ्याने रूपांतर करतो. "दोन दिरहम! म्हणजे बावीस रुपये! एवढ्याशा कोथिंबिरीला?" काकांनी याच धर्तीवर स्वतःचं चलन काढलं होतं. ते खाण्याचं रूपांतर रोल्लाच्या चौकातल्या बागेला घालायच्या फेऱ्यांत करत. एक मोदक म्हणजे दोन फेऱ्या, चिकन गुंडाळलेला एक शोरमा म्हणजे पाच, लसणाची पांढरी चटणी लावली असेल तर सात. आमच्याकडच्या गणपतीला माझ्या ताटात पाच मोदक पाहून ते म्हणाले, "दहा फेऱ्या. तुपाच्या तीन वेगळ्या. आत्ता निघालीस तर इन्शाल्ला आरतीपर्यंत परत येशील." माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती फिस्सकन हसली आणि म्हणाली, "आई, ही हॅज अ पॉइंट!" इतकी वर्षं घरात मराठी बोलून मी हे कमावलं होतं. त्या दिवशी मी हट्टाने सहावा मोदक खाल्ला.

स्वतः काका साखरेला विष म्हणत. चहात साखर नाही, पोळीला तूप नाही, भातावर वरणही जपून. पण त्यांचा एक सिद्धांत होता: जे झाडाला लागतं त्याने वजन वाढत नाही. त्यामुळे सकाळी मोजून एकवीस खजूर, आणि संध्याकाळी बसमधून उतरलं की कोपऱ्यावरच्या मल्याळी रसवाल्याकडे संत्र्याचा नाहीतर आंब्याचा मोठा ग्लास. मी एकदा म्हटलं, काका, ऊससुद्धा शेतातच उगवतो. तर म्हणाले, "ऊस झाडाला लागत नाही."

आता काट्याकडे वळते, कारण काका खरे प्रसिद्ध होते ते त्यासाठी. त्यांच्याकडे तबकडीचा, वर उभं राहायचा, चांगला दणकट वजनकाटा होता. जूनअखेर शाळांना सुट्टी लागली की सगळी इमारत इंडियाला निघे आणि विमानात माणशी तीस किलोंची परवानगी असे. बॅग नुसती काट्यावर ठेवली तर तबकडी तिच्याखाली झाकली जाते. म्हणून माणसाने बॅग उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. सगळ्या गल्फमध्ये हीच रीत होती. पण आमच्याकडे बॅग उचलायचे काका स्वतः. "तुमची वजनं सकाळ-संध्याकाळ वेगळी," ते म्हणत. "दर वेळी दोनदा चढा, दोनदा उतरा. माझं एकच आहे. बहात्तर." बॅग छातीशी धरून ते चढत, मी वाकून आकडा वाचत असे. "एकशे एक!" "वजा बहात्तर, एकोणतीस. किलोभर बदाम घाला. नेक्स्ट!" स्वतः ते काट्यावर एकटे कधीच चढत नसत. पूर्वी म्हणे रोज चढत आणि रोज बहात्तरच येई, म्हणून सोडून दिलं. "मास्तर काय रोज पाढे म्हणून बघतो?" हे त्यांनी मला, म्हणजे गणिताच्या मास्तरणीला विचारलं, आणि मला ते पटलं.

बॅग झाली की तिच्या मालकाला ते काट्यावर उभं करत. "बॅगेला तीसच्या वर दंड पडतो म्हणून धावत आलास. स्वतःच्या वरच्या किलोंचा दंड भरायची वेळ येईल तेव्हा समोर काउंटर नसेल, कॅज्युअल्टी असेल." दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या साहेबांच्या मागे लागून लागून काकांनीच त्यांना रक्तदाब मोजायला नेलं होतं. तो एवढा निघाला की साहेबांना डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी सुरू केली. तेव्हापासून आम्ही काकांच्या पाठीमागे हसत असू, पण तोंडासमोर उभे राहत असू. आम्ही सगळे दोन-दोन तास शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये बसून चिप्स खाणारी माणसं होतो. घरी जाऊन पुन्हा जेवणारी. आमच्याबद्दल ते बोलत ते सगळं खरं होतं.

ज्या वर्षीची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी काका बारीक दिसायला लागले. गालफडं आत गेली, शर्टाची कॉलर मानेपासून सुटली. लोक म्हणाले, वा काका, तब्येत काय कमावलीय! काका म्हणत, "वजन तेच आहे. चरबी गेली, स्नायू आले." पाणी तर सारखंच पीत, बाटली हातातून सुटत नसे. पण पाणी प्या, पाणी प्या असा त्यांचा सगळ्यांनाच उपदेश असल्यामुळे त्यातही कुणाला काही खटकलं नाही. तहान जास्त, म्हणून रसाचे ग्लास एकाचे तीन झाले. काकूंनी त्यांच्या विजारी दोनदा कमरेत आत घेतल्या. मी मनातल्या मनात जळत होते. पंचावन्नाव्या वर्षी हा माणूस असा सडपातळ होतो आणि मला चाळिशीत साडीच्या निऱ्या कमी पडतात! काकांचा एकेक किलो चोरीला जात होता आणि आम्ही चोराला टाळ्या देत होतो.

पहिली खूण मिळाली ती बँकेतल्या साहेबांकडून. काकांनी त्यांची बॅग तीस सांगितली, विमानतळावर चौतीस भरली. आम्ही म्हटलं, साहेबांनीच मागाहून काहीतरी कोंबलं असणार. मग दीड महिन्याने पुतण्याच्या मुंजीसाठी माझा नवरा पुण्याला निघाला. बॅग मी स्वतः भरली, काकांनी उचलली, मी आकडा वाचला: एकशे दोन. वजा बहात्तर, तीस. उचलताना काकांचे हात थरथरले होते, पण "हँडल नीट नाहीये" असं ते म्हणाले आणि मी हँडलकडे पाहिलं. विमानतळावर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, सैंतीस." सगळ्या रांगेसमोर बॅग उघडून मी दुधाच्या पावडरचे डबे, संत्र्याच्या सरबताची बरणी आणि सासूबाईंचं ब्लँकेट बाहेर काढलं. नवरा गेला आणि मी सात किलो मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले. पठाण ड्रायव्हर आरशातून बघून, ताई म्हणावं तसं, म्हणाला, "बाजी, लोग सामान लेकर जाते हैं. आप वापस ला रही हैं?"

राउंडअबाउटवर गाड्या खोळंबल्या होत्या आणि माझ्या डोक्यात वजाबाकी चालू होती. वर्गात उत्तर चुकलं की मी मुलांना काय सांगते? आधी वरची संख्या तपासा, मग खालची. वरची संख्या मी स्वतः वाचली होती. बॅग माझ्या डोळ्यांसमोर होती. साहेबांच्या वेळी चूक चारची, आता सातची. काटा बिघडला असता तर चूक दर वेळी सारखीच निघाली असती. कुणीही न तपासलेली संख्या एकच होती, आणि ती होती बहात्तर. वर्षानुवर्षं वजाबाकी शिकवणारी बाई मी, आणि समोर एक माणूस महिन्याला किलो-दोन किलोंनी कमी होत होता, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं, दिसलं ते दुधाच्या डब्यांत.

तशीच चौथ्या मजल्यावर गेले. "काका, एकदा नुसते काट्यावर उभे राहा." काका भडकले. "त्या काउंटरचा काटा बिघडलाय, आणि तू माझ्यावर शंका घेतेस? बहात्तर म्हणजे बहात्तर. खलास!" स्वयंपाकघरात काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "रात्री चार-चारदा उठतात गं. परवा जिन्यात मध्येच बसले. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, डॉक्टर जाड्या माणसांसाठी असतो." त्यांचे डोळे भरून आले होते. त्या बाईने किती दिवस हे एकटीने पोटात ठेवलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे तिथली साप्ताहिक सुट्टी होती. सकाळीच मी खालच्या किराणावाल्याकडून बासमतीचं वीस किलोंचं शिवलेलं पोतं घेतलं, वॉचमनच्या खांद्यावर देऊन थेट काकांच्या दारात नेलं आणि म्हटलं, "काका, वीस किलो म्हणून दिलंय. मला काही विश्वास वाटत नाही. बघता का?" असल्या कामाला नाही म्हणणं काकांच्या रक्तात नव्हतं. पोतं छातीशी धरून ते काट्यावर चढले. मी आकडा वाचला, "चौऱ्याऐंशी." काकांनी वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "बारा! वीसच्या पोत्यात बारा! हा दिवसाढवळ्या दरोडा आहे!" पोत्याची शिवण जशीच्या तशी आहे हे मी दाखवायच्या आत ते सपाता घालून जिन्यात पोचले होते. पुढे काका, मागे पोतं घेतलेला वॉचमन, त्याच्या मागे मी आणि काकू, अशी वरात दुकानात शिरली.

दुकानदार शांत स्वभावाचा मल्याळी होता. काकांचं हिंदी त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि पोतं कांद्याबटाट्याच्या जमिनीवरच्या मोठ्या काट्यावर ठेवलं. वीस. काका म्हणाले, "आपका काटा झूठा है." त्याने दहा किलोंचं सीलबंद साखरेचं पोतं ठेवून दाखवलं. बरोबर दहा. मग तो हळूच म्हणाला, "काका, आप खुद चढो."

काका चढले. चौसष्ट. उतरले, खिशातलं पाकीट आणि किल्ल्यांचा जुडगा काढून काउंटरवर ठेवला आणि पुन्हा चढले. जन्मभर लोकांनी वजन कमी दिसावं म्हणून जे केलेलं त्यांनी पाहिलं होतं, तेच सवयीने त्यांच्याकडूनही झालं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पाकीट परत खिशात घातलं, किल्ल्या घातल्या, काकूंच्या हातातली पर्सही घेतली आणि तिसऱ्यांदा चढले. तरीही आकडा बहात्तरच्या आसपास फिरकेना. कांद्यांच्या गोण्यांमध्ये, बायकोची पर्स छातीशी धरून उभे असलेले काका माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, माझे आठ किलो गेले कुठे?" मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते वडिलांबद्दल वाटावं तसं होतं. मी त्यांचा दंड धरला, तर तो माझ्या मुठीत मावला.

तिथून तसेच क्लिनिकमध्ये गेलो. रक्तात साखर इतकी होती की बोटाला टोचून बघायचं ते यंत्र आकडा दाखवायलाच तयार होईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "और थोडे दिन रुकते तो इनको उठाके लाना पडता," आणि तिथूनच त्यांना हॉस्पिटलला पाठवलं. तिथे एका डॉक्टरने काकांना नीट समजावलं. खाल्लेली साखर शरीराला वापरताच येत नव्हती, ती लघवीवाटे वाहून जात होती आणि भुकेलं शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू खाऊन दिवस काढत होतं. त्यात तहान भागवायला म्हणून काका रोज तीन ग्लास गोड रस आत ओतत होते. "पण तो झाडाचा होता," काका क्षीण आवाजात म्हणाले. डॉक्टर म्हणाला, "साखरेला त्याने फरक पडत नाही. आणि सर, वजन जास्त असणं ही एक गोष्ट, पण कारण नसताना कमी होणं ही त्याहून आधी दाखवायची गोष्ट." आठवडाभर सलाइन, मग इन्सुलिन. खजूर एकवीसचे दोन झाले.

घरी आल्यावर पहिल्याच भेटीत काका मला म्हणाले, "मी चुकलो ते माझ्या बाबतीत. तुझ्या बाबतीत मी बरोबरच होतो." आणि मला बळेच रक्त तपासायला पाठवलं. माझी साखर अगदी हद्दीवर उभी होती. म्हणजे ते माझ्या बाबतीतही बरोबर निघाले. मग रोज संध्याकाळी उन्हं उतरली की काका, काकू आणि मी खाडीच्या काठाने तासभर चालत असू. काका भाकरी, उसळ, भाजी मोजून खात आणि मला तेच खायला लावत. दीड वर्षात मी नऊ किलो उतरले आणि माझी साखर हद्दीच्या आत आली. काका सत्तरच्या आसपास स्थिरावले. बॅगा तेव्हाही ते मोजत, पण नियम बदलला होता. आधी माणूस, मग बॅग. प्रत्येक वेळी ते आधी एकटे चढत आणि आपला आकडा मोठ्याने सगळ्यांना सांगत.

नवं शतक उजाडलं आणि दोन-तीन वर्षांत काका निवृत्त होऊन कायमचे सांगलीला निघाले. शेवटच्या बॅगा मोजायच्या दिवशी जिन्यात निम्मी इमारत जमली होती. आधी ते एकटे चढले. "एकोणसत्तर." मी म्हटलं, "बहात्तरला तीन कमी, काका." तर म्हणाले, "असू देत. तेवढे इथेच राहिले म्हण." मग बॅग उचलायला वाकले आणि थांबले. डॉक्टरांनी अलीकडेच जड उचलायला बंदी केली होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, तू उचल. पण आधी एकटी चढ."

मी चढले. तबकडीकडे बघणारे माझ्याखेरीज काका एकटेच होते आणि जुन्या करारानुसार ते फक्त "हं" म्हणाले. अगदी आखूड. पण हुंकारातून वजाबाकी होत नाही, आणि त्यांच्या बॅगेचं वजन चुकलेलं मला चाललं नसतं. मी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "एकोणऐंशी." नवऱ्याने वळून पाहिलं. कुणी हसलं नाही. मग मी काकांची बॅग छातीशी धरली आणि पुन्हा चढले. काकांनी वाकून आकडा वाचला. "एकशे नऊ. वजा एकोणऐंशी, तीस."

टॅक्सी गेल्यावर मी वरचं रिकामं घर झाडून-पुसून काढलं आणि मग त्यांचा काटा आमच्या घरी आणला. मुलीने विचारलं, "आई, व्हेअर विल वी कीप धिस?" मी तो हॉलच्या कोपऱ्यात ठेवला आणि उगाचच वर उभी राहिले. आकडा माहीतच होता. तेवढ्यात फोन वाजला. मुलीने तो उचलून माझ्या हातात दिला. विमानतळावरून काकू बोलत होत्या. म्हणाल्या, बॅग बरोबर तीस भरली. आणि मागून काकांचा आवाज आला, "तिला म्हणावं, उतर आता काट्यावरून. जेवायची वेळ झाली."

मी उतरले आणि कणीक मळायला घेतली.